चिनी हँडी आणि माझं सोवळं

बाओफेंग यूव्ही-५आर हा चिनी वॉकीटॉकी २०१२च्या सुमारास बाजारात आला. तेव्हापासून कितीतरी वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. आम्हा हॅम मंडळींच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पांत विषय निघाला की माझं मत ठरलेलं असायचं: बंदरावरच अडवा, विकणाऱ्याला धरा, ज्याच्या हातात दिसेल त्याच्याकडून काढून घ्या. विकणाऱ्याला धरा असं मी आजही म्हणतो. बाकीचं सोडून दिलंय. का सोडलं ते लिहायचं तर आधी कबूल करायला हवं की त्या रागात कायद्याचा वाटा थोडा होता, सोवळ्याचा जास्त.

मी परवाना काढला तेव्हा पहिल्या श्रेणीसाठी मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने मॉर्स यावं लागे. रात्री घरचे झोपले की डिट-डा डिट-डा. लॅमिंग्टन रोडवर फिरून सुटे भाग जमवायचे, कॉइल हाताने गुंडाळायची, कथलाच्या धुरात बसायचं आणि मग कुठे सेटमधून कुणाचा तरी आवाज यायचा. अशा माणसासमोर कॉलेजातलं पोरगं दोन-तीन हजारांचा सेट कमरेला अडकवून येतं. तो सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये बोलतो, १२८ चॅनेल लक्षात ठेवतो, एफएमवर गाणी ऐकवतो. वर त्याला टॉर्च. त्या टॉर्चचा मला फार राग यायचा. ट्रान्समीटरला टॉर्च कशाला लागतो?

चारचौघांत मात्र मी कायद्याची भाषा बोलायचो, आणि ती खोटी नव्हती. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यात असं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला होता. ट्रान्समीटर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. बटण दाबलं की नाही हा प्रश्नच नाही. त्यातून या सेटची पोहोच बघा. दोन्ही पट्टे मिळून १५८ मेगाहर्ट्झ होतात. त्यात भारतातल्या हॅमच्या वाट्याला येतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८, म्हणजे उणेपुरे ६. उरलेल्या जागेत पोलीस आहेत, सरकारी खाती आहेत, कारखाने आहेत, बंदरं आहेत. १५६.८ मेगाहर्ट्झ हा समुद्रावरचा सोळा नंबरचा चॅनेल. संकटात सापडलेली बोट तिथे हाक मारते. कोकण किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या कुणी गंमत म्हणून तिथे बटण दाबून धरलं, तर त्या परिसरात खरी हाक ऐकू जाईलच असं नाही. हे सगळं मी तावातावाने सांगायचो. ऐकणाऱ्यानं मग करावं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते नाही हे मला कधी खटकलंही नव्हतं.

ते खटकवलं माझ्या भाच्याच्या एका मित्राने. हा मुलगा सह्याद्रीत ट्रेक नेतो. पुढे एक लीडर, मागे एक, मध्ये पंचवीस-तीस माणसं, आणि मोबाइलला रेंज नाही. पिशवीत चार चिनी हँडी घेऊन तो घरी आला. "काका, एवढे प्रोग्रॅम करून द्या ना. एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाहीये." मी आधी तोंडसुख घेतलं. त्याने ते मुकाट ऐकून घेतलं, मामाच्या वयाच्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं. मग मी एक सेट केबलने संगणकाला जोडला. भरून देणार नव्हतोच, पण आत काय आहे ते बघावंसं वाटलं.

या केबलचंही एक शास्त्र आहे. हिचा दोन पिनांचा प्लग आत गेल्यासारखा वाटतो, पण गेलेला नसतो. अंगठ्याने जोर देऊन 'टक्' होईपर्यंत दाबावा लागतो; प्लॅस्टिकची कड आडवी आली तर काही जण ती ब्लेडने तासतातसुद्धा. स्वस्त केबलमध्ये नकली चिप असली की विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला ओळख देत नाही, मग जुना ड्रायव्हर शोधत बसा. हे सगळं जमलं की चर्प नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सेटचं पोट उघडं पडतं. एक तक्ता दिसतो: प्रत्येक ओळ एक चॅनेल.

त्या तक्त्यात पहिल्याच ओळीला १५० मेगाहर्ट्झच्या पुढची एक फ्रिक्वेन्सी होती. बाकीच्या तीन सेटांत तीच, फक्त दोन सेटांत टोन, म्हणजे आवाजाखाली वाजणारी ओळखीची खूण, वेगळा पडला होता; म्हणून एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. "ही कुणाची?" मी विचारलं. "दुकानदार म्हणाला, मोकळी आहे." मोकळी! हवेत सातबारा दिसत नाही म्हणून जमीन पडीक ठरत नाही, असं मी त्याला ऐकवलं आणि स्वतःच्या वाक्यावर खूशही झालो. त्याने शांतपणे विचारलं, "बरं. मग कायदेशीर काय आहे ते सांगा. ते करतो."

मला सांगता येईना. परीक्षा दे, हॅम हो, एवढंच मला ठाऊक. पण ते उत्तर त्याच्या कामाचं नव्हतं. हॅम बँडवर धंद्याचं बोलायला बंदी आहे आणि हा मुलगा ट्रेकचे पैसे घेतो. शिवाय सेट हातात असलेल्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा. लीडरकडे आहे म्हणून मागच्या स्वयंसेवकाला चालत नाही. धंद्यासाठी स्वतंत्र फ्रिक्वेन्सी दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन शाखेकडून मिळते. अर्ज, फी, दरवर्षीचं शुल्क. सुट्टीच्या दिवशी राजगडावर माणसं नेणाऱ्याने ते करावं अशी अपेक्षा मीसुद्धा ठेवणार नाही.

मधली वाट होती, आणि २०१८पासून होती. कमी शक्तीच्या, कमी पल्ल्याच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम त्या वर्षी आले आणि त्यात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा साध्या माणसाच्या वॉकीटॉकीसाठी खुला आहे. युरोपात हा पट्टा आधीपासून असाच वापरतात. मी तो नियम उघडून पाहिला नव्हता. तो आमच्या कामाचा नाही, ती पोराटोरांची चैन, अशी समजूत.

मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे यातच ४४६ टाकायचं!" इथे त्याला थांबवावं लागलं, कारण ही गल्लत मी नंतर पुष्कळ जणांत पाहिली. सूट नुसत्या आकड्याला नसते. सेट कमी शक्तीचा असावा लागतो आणि त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता, असावी लागते. चार-पाच वॉटचा, लांब अँटेना लावता येणारा आणि कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर नेता येणारा सेट ४४६ वर ठेवला म्हणून तो परवानामुक्त होत नाही. त्याने चारही सेट दुकानदाराला परत केले. भांडून, अर्थातच. त्याच्या जागी ईटीए असलेले ४४६चे सेट घेतले.

"अर्ध्या वॉटने काय होणार?" ही त्याची शंका. मलाही तीच होती. आम्ही ते सेट राजगडावर नेले. संजीवनी माचीच्या टोकाला एक जण, सुवेळा माचीवर दुसरा: मध्ये बालेकिल्ला उभा, आवाज तुटक, मग नाहीच. पण एकाने थोडं वर सरकून समोर मोकळं धरलं की लख्ख. मुलगा म्हणाला, मोठ्या सेटवरही इथे असंच व्हायचं. या फ्रिक्वेन्सीला वॉटपेक्षा नजर लागते. डोंगर आड आला की दहापट शक्तीचा सेटसुद्धा कण्हतो. हा धडा मी परीक्षेच्या पुस्तकात कधीच पाठ केला होता आणि तरीही वॉटच्या गोष्टी करत होतो. मुलाने त्यातून ट्रेकचा नियम काढला: खांदा ओलांडण्याआधी निरोप द्यायचा, ओलांडल्यावर नाही.

इथवरचा बदल कायद्याचा. दुसरा बदल मला जास्त जड गेला, कारण तो त्या चिनी हँडीबद्दलच होता.

त्या मुलाला नाद लागला होता. तो आणि त्याच्या गटातले दोघे एएसओसीच्या, म्हणजे हॅमच्या परीक्षेला बसले. परीक्षेला १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं, आणि खालच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मॉर्स नसतं. "मॉर्स नाही म्हणजे काय परीक्षा," हे वाक्य माझ्या तोंडातून निघायचंच होतं, ते मी गिळलं. परवाने आले, व्हीयू३ने सुरू होणाऱ्या कॉल साइन मिळाल्या, आणि तिघांनी घेतला तोच स्वस्त चिनी सेट. आता तो त्यांच्या हातात रीतसर होता. प्रोग्रॅम करायला पुन्हा माझ्याच टेबलावर.

तेव्हा मला कळलं की हा तक्ता शिकवायला किती चांगला आहे. आधी सेटमधलं वाचून घ्यायचं आणि ती फाइल जपून ठेवायची, मगच काही बदलायचं. दुसऱ्याच्या सेटची फाइल आपल्यात ओतायची नाही. वरून सारखे दिसणारे सेट आतून वेगळे निघतात. मग एकेक रकाना. रिपीटरला, म्हणजे आपलं बोलणं ऐकून ते पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राला, ६०० किलोहर्ट्झचं अंतर का, आणि ते उणे का? टोन कशाला? ८८.५ हर्ट्झचा टोन तुम्ही बोलता त्याच्याखाली गुपचूप वाजत असतो आणि तो ऐकल्याशिवाय रिपीटर दार उघडत नाही, हे मी पूर्वी फळ्यावर सांगायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. आता एकाने मुद्दाम टोन काढून पाहिला, रिपीटर गप्प. घातला, रिपीटर बोलला. डुप्लेक्सच्या रकान्यात 'ऑफ' लिहिलं की त्या चॅनेलवर सेट फक्त ऐकतो, बटण दाबलं तरी बोलत नाही. तिघांनी न सांगता काही ओळींत ते लिहून टाकलं. कायद्याचं हे एवढं साधं, हाताला लागणारं रूप मला माझ्या हाताने बांधलेल्या सेटवर कधीच दाखवता आलं नसतं. माझा सेट एकाच पट्ट्यात बोलायचा. मोह पडायची सोयच नव्हती.

एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पकडलं. त्यावरचा हॅम रिपीटर १४५.९९० वर ऐकतो, ६७ हर्ट्झचा टोन मागतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक जवळ येताना फ्रिक्वेन्सी वर सरकते, लांब जाताना खाली, म्हणून त्यांनी पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चॅनेल ओळीत लावून ठेवले होते. दोन-तीन हजारांच्या त्या सेटमधून खरखरीत, पण स्पष्ट कॉल साइन आल्या. मी टॉर्चबद्दल काही बोललो नाही. पायऱ्या उतरताना तोच लावला होता.

म्हणजे आता सेट आवडतो का? नाही. तंत्र म्हणून माझी तक्रार कायम आहे. असाच एक अगदी स्वस्त सेट आम्ही एका मित्राच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर लावला, तेव्हा मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी नको तितकी उंच टोकं दिसली. आमच्या १४४च्या, म्हणजे दोन मीटर बँडची तिप्पट येते ती बहुतेक आमच्याच ४३४च्या, म्हणजे ७० सेंटिमीटर बँडमध्ये: १४५.९९० गुणिले तीन म्हणजे ४३७.९७०, अवकाश स्थानकाच्या शेजारी. सगळे सेट असे नसतात, पण विकत घेणाऱ्याला डब्यावरून ते कळत नाही.

आणि दुकानदारावरचा राग तर वाढलाच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये ऑनलाइन बाजारांसाठी वॉकीटॉकी विकण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली: फ्रिक्वेन्सी सांगा, परवाना लागतो की नाही ते सांगा, मान्यता तपासा. फार उशिरा, पण योग्य जागी बोट ठेवलं. ज्या मुलाला 'मोकळी आहे' म्हणून सेट विकला, त्याला जप्तीची भीती घालण्यात मी वर्षं घालवली. विकणाऱ्याने डब्यावर एक ओळ छापली असती तर त्याला माझ्याकडे यावंच लागलं नसतं.

हॅम मित्रांत यावरून अजून वाद होतो. एक जण म्हणतो, तू परवाना नसलेल्यांना घरात घेतोस, उद्या अडकशील. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून नियम केलाय: परवान्याचा कागद दाखवला तरच केबल लागते. कागद नसेल तर चहा, ४४६ची माहिती आणि परीक्षेचा अर्ज कुठे भरायचा ते. परवा एक जण आला, त्याला पोलिसांचं बोलणं ऐकायचं होतं. त्याला चहासुद्धा दिला नाही.