चारशे बारा दिवसांचे कुलूप

काशीला जाऊन आलेला माणूस आणि डिस्नेलँडला जाऊन आलेला माणूस यांत फरक एवढाच, की पहिला गंगा देतो आणि दुसरा फोटो दाखवतो. गंगेचा गडू निदान देव्हाऱ्यात मुकाट्याने बसून राहतो. फोटोंचे तसे नसते. म्हणून अमेरिकेहून परतल्यावर मी ठरवले होते, की त्या मिकी उंदराविषयी चकार शब्द काढायचा नाही. पण दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला, आणि प्रवासाला जाऊन आलेल्या मराठीच्या मास्तराने त्यावर लिहू नये हे आपल्याकडे जरा अशुभच मानतात. तेव्हा, हा लेख डिस्नेलँडवर नाही, त्याला एकदा लागलेल्या कुलपावर आहे, अशी स्वतःची समजूत घालून मी लिहायला बसलो आहे.

२०२४ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत केले आणि मी व सौ. कॅलिफोर्नियाला माझ्या आतेभावाकडे गेलो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. राहतो अॅनाहाइमच्या अगदी लगतच्या गावात. वहिनी तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहेत.

अॅनाहाइम हे एके काळी संत्र्यांचे गाव. तिथली १६० एकरांची बाग वॉल्ट डिस्ने या गृहस्थांनी घेतली, झाडे काढली आणि जेमतेम वर्षभरात तिथे एक नगर उभे केले. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले. त्या दिवशी ऊन इतके होते, की नुकते अंथरलेले डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतून बसल्या म्हणतात. हे ऐकून सौ.ने आपल्या कोल्हापुरी चपलांकडे मोठ्या समाधानाने पाहिले.

दादाने आम्हाला पहिल्या दिवशी आत नेलेच नाही. ‘आधी रस्ता बघ,’ म्हणाला. हार्बर बुलेव्हार्ड नावाचा हा रस्ता डिस्नेलँडच्या कुशीतून जातो. त्याच्या कडेने मोटेले, धिरड्यांसारखे पॅनकेक विकणारी खानावळ, टोप्यांची आणि सदऱ्यांची दुकाने. पंढरपुरात जसा बुक्का, चुरमुरे आणि तुळशीच्या माळा यांचा सारा व्यापार विटेवरच्या त्या सावळ्या मूर्तीकडे डोळे लावून असतो, तसा हा रस्ता उंदराकडे डोळे लावून असतो. पंढरीच्या व्यापाऱ्याला निदान आषाढी आणि कार्तिकीची वाट पाहावी लागते. इथे रोजच एकादशी.

या रस्त्यावरच्या बत्तीस खोल्यांच्या एका मोटेलात दादाचा निम्मा हिस्सा होता. निम्मा एका गुजराती भागीदाराचा. ‘होता’ म्हणालो, ते याच कुलपामुळे.

१४ मार्च २०२० रोजी डिस्नेलँड बंद झाले. सुरुवातीला सांगितले होते, महिनाअखेरपर्यंत. याआधी असे अवचित बंद होण्याचे प्रसंग अगदी मोजके: १९६३ साली अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर पाळलेला दुखवटा, २००१ सालचा सप्टेंबरातला तो भयंकर दिवस. तेव्हा प्रश्न एकेका दिवसाचा होता. आता एप्रिल गेला, मे गेला. ११ जुलैला त्याच कंपनीचे फ्लोरिडातले नगर उघडले. मालक एक, उंदीर एक, रोग एक. राज्य तेवढे वेगळे. कॅलिफोर्नियाने मात्र प्रत्येक जिल्ह्याला रोगाच्या प्रमाणात रंग वाटून दिले होते: जांभळा, तांबडा, नारिंगी आणि पिवळा. दर मंगळवारी नवे रंग जाहीर होत. ऑक्टोबरात नियम निघाला, की मोठ्या करमणूक नगरांनी पिवळा रंग आल्याखेरीज उघडायचे नाही, म्हणजे लाख वस्तीत दिवसाला एकापेक्षा कमी रुग्ण.

‘मी दर मंगळवारी पत्रिका बघावी तसा तो नकाशा बघत होतो,’ दादा म्हणाला. ‘ग्रह काही हलेनात. हिवाळ्यात तर जांभळा मुक्कामालाच आला.’

त्याआधीच, सप्टेंबरअखेरीस, डिस्ने कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या नगरांमधून अठ्ठावीस हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते. अॅनाहाइमचे त्या वेळचे महापौर हॅरी सिद्धू हे जन्माने भारतीय. त्यांनीही उघडण्यासाठी राज्य सरकारकडे तगादा लावला होता. शहराच्या तिजोरीत हॉटेलांचा कर पडेना, मग करतील काय? जवळच नॉट्स बेरी फार्म नावाचे दुसरे जुने नगर आहे. त्यांनी पाळणे बंद ठेवून नुसते खाणे विकायची युक्ती काढली. लोक म्हणे स्तब्ध उभ्या चक्रांखाली उभे राहून तळलेली कोंबडी खात. जत्रेचा देव आणि पाळणा गेला, भजी राहिली.

दादाच्या बत्तीस खोल्यांपैकी कधी तीन भरल्या, कधी एकही नाही. पगारासाठी सरकारने दिलेले कर्ज मिळाले, संपले. जानेवारी २०२१ मध्ये त्याने आपला हिस्सा भागीदाराला विकला. ३० एप्रिलला फाटक उघडले. बरोबर चारशे बारा दिवसांनी. भागीदाराने दात धरून तीन महिने अधिक काढले, एवढाच काय तो दोघांत फरक. आम्ही त्या मोटेलावरून गेलो तेव्हा दारावर ‘जागा नाही’ अशी लाल अक्षरे पेटलेली होती. दादाने गाडीचा वेग कमी केला नाही.

रात्री जेवताना मी, पाहुण्याने करू नये ती गोष्ट केली. ‘बंदी योग्य होती का?’ असे विचारले.

दादा उसळलाच. ‘फ्लोरिडा चालू, दुकाने चालू, आणि आम्हीच तेवढे पापी? विचारायचे कोणाला? तारीख तरी सांगा म्हणत होतो आम्ही!’

वहिनी पोळीवर तूप घालीत होत्या. ‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘त्या डिसेंबरात आमच्या बाजूला अतिदक्षतेच्या खाटा शिल्लक शून्य होत्या. शून्य म्हणजे शून्य. एवढेच मला माहीत आहे. मोटेलातले मला काही कळत नाही.’

आणि मौज पाहा. १३ जानेवारी २०२१ पासून डिस्नेलँडच्याच एका वाहनतळावर लस टोचण्याचे मोठे केंद्र उघडले. वहिनी सुटीच्या दिवशी तिथे सुया टोचायला जात. ज्या महिन्यात नवऱ्याने गिऱ्हाईक नाही म्हणून धंदा विकला, त्याच महिन्यात बायकोपुढे त्याच आवारात हजारोंची रांग. त्या घरात तेव्हा कोणती भाजी कशी गिळली जात असेल, याची मी कल्पना करू शकतो.

माझ्या मनात त्या रात्री १८९७ साल घोळत होते. आम्ही पुण्याचे. मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. अवघी चार कलमे. त्यातले शेवटचे, सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही हे सांगणारे. मग गोरे शिपाई माजघरात शिरले, सामान रस्त्यावर आले, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, चापेकर फाशी गेले, आणि ‘केसरी’तल्या लेखनासाठी टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एवढे रक्त सांडलेला तो चार कलमांचा कायदा मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा आमच्या पेठेत कोणी हूं की चूं केले नाही. मीही नाही. कारण या वेळी शिपाई घरात शिरत नव्हता; आम्हीच आत बसून कडी लावली होती. मला विचाराल तर दार लावले ते बरेच झाले. पण बंदीला एक तारीख असावी, आणि जिथे जाऊन विचारता येईल अशी एक खिडकी असावी. तेवढे असले तर माणूस पुष्कळ सोसतो. दादाचे दुःख कुलपाचे नव्हते, खिडकीचे होते.

हे सारे मी मोठ्या शहाणपणाने त्याला सांगितले. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आत गेलो. एका माणसाचे तिकीट शंभर डॉलरांच्या वर. त्याचे रुपये सौ.ने फाटकातच केले आणि दुपारपर्यंत ती अबोल होती. आतला मुख्य रस्ता मात्र पाहण्यासारखा. दोहो बाजूंची घरे खालच्या मजल्यावर जवळजवळ माणसाच्या मापाची, आणि वर जाताना हळूच लहान होत गेलेली. त्यामुळे ती आहेत त्याहून उंच दिसतात. राजवाडाही असाच, प्रत्यक्षात सत्त्याहत्तर फूट. फसवणूक खरी, पण इतकी प्रेमळ, की रागावता येत नाही. पुढे जंगलातून नाव जाते. तळ्यात यांत्रिक हत्ती डुंबत होते, आणि ते हिंदुस्थानी निघाले! ‘यासाठी इतक्या लांब?’ हे सौ.चे दिवसातले पहिले वाक्य.

मॅटरहॉर्न नावाच्या कृत्रिम डोंगरातून मुलांच्या किंकाळ्या येत होत्या. दादा म्हणाला, ‘ह्या किंकाळ्यांवरही वाद होता. ओरडल्याने साथ पसरते ना!’ मला जपान आठवले. तिथल्या फुजी-क्यू नगराने २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या दोन अधिकाऱ्यांना मुखपट्ट्या लावून, कडेलोट व्हावा अशा गाडीत बसवले. दोघे तोंडाने अवाक्षर न काढता, श्राद्धाला बसल्यासारखे खाली आले. आणि पडद्यावर विनंती झळकली, की कृपया मनातल्या मनात किंचाळा. त्याच साली १ जुलैला कॅलिफोर्नियाने प्रार्थनामंदिरांतल्या गाण्यावर बंदी घातली. पुढे फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मंदिरे उघडायला लावली, पण गाण्याची बंदी तशीच राहू दिली. आणि १ जुलै २०२० म्हणजे आपली आषाढी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आदल्या दिवशी एस. टी.ने पंढरीला गेल्या, आणि वारकरी घरी बसून मनातल्या मनात चालले.

याहून विलक्षण शांघायचे. तिथल्या डिस्नेलँडमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, एका रुग्णाचा माग लागला म्हणून, आत असलेल्या सुमारे चौतीस हजार लोकांना तपासल्याखेरीज बाहेर सोडले नाही. पांढऱ्या झग्यांतली माणसे फाटकाशी उभी, आणि माथ्यावर ठरल्या वेळी आतषबाजी चालू. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा फाटके बंद. कॅलिफोर्नियात आत जाता येत नव्हते, तिथे बाहेर पडता येत नव्हते.

‘हेच मी म्हणतो,’ दादा म्हणाला. आम्ही तेव्हा ‘स्मॉल वर्ल्ड’च्या नावांसमोर एका बाकावर बसलो होतो. बायका रांगेत होत्या. ‘हातात सत्ता आली की दार कुठून लावायचे एवढाच प्रश्न.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आईच्या वेळी तेच.’

आत्या २०२० च्या एप्रिलमध्ये वाईला गेली. साथीने नव्हे, चौऱ्याऐंशी वर्षांची होती. दादा नागरिक अमेरिकेचा. त्याच्याकडे ते आयुष्यभर केव्हाही भारतात या असे सांगणारे कार्ड आहे. पण त्या दिवसांत त्यावर प्रवेश बंद होता, आणि विमानेही. एकुलता एक मुलगा. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. मी त्याला रात्री फोन केला होता आणि म्हणालो होतो, ‘काळजी करू नकोस दादा, सगळे व्यवस्थित झाले.’

झाले होतेच. फक्त मी तिथे नव्हतो. पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरांच्या आत. जिल्ह्याची हद्द बंद होती, हे खरे. पण मृत्यूच्या प्रसंगी पोलिसांकडून परवाना मिळत असे, हेही खरे. खिडकी होती. मी अर्ज केला नाही. भीती वाटली, आणि भीतीला नियमाचा आधार मिळाला. लहानपणी उन्हाळाभर जिने मला घाटावर पोहायला नेले, तिच्यासाठी मी एक अर्ज लिहिला नाही. आणि लोकांना सांगत राहिलो, काय करणार, बंदी!

चार वर्षे हे मी कोणालाही बोललो नव्हतो. त्या बाकावर बोललो. आदल्या रात्री खिडकीवर एवढे व्याख्यान झोडल्यावर गप्प बसवेना.

दादा समोरच्या नावांकडे पाहत होता. ‘मला ठाऊक आहे,’ तो म्हणाला.

‘कसे?’

‘शेजारच्या मुलाने घाटावर फोन धरला होता. मी इथून पाहत होतो. पाच माणसे होती. तू नव्हतास.’

‘मग कधी बोलला नाहीस?’

‘काय बोलणार? बंदी होती ना.’

रांगेतून वहिनींनी हात केला. आमची पाळी आली होती. नाव अंगानेच हेलकावत होती. दादा आधी उतरला आणि मला हात दिला. आत शेकडो बाहुल्या देशोदेशींचे कपडे घालून एकच गाणे म्हणत होत्या. हिंदुस्थानची पोर आली तशी सौ.ने बोट दाखवले, आणि दादा मान वळवून तिच्याकडे, नाव पुढच्या वळणाला जाईपर्यंत, पाहत राहिला.