चालू रस्त्यावरचं काम

अमरावती-अकोला रस्त्यानं ज्यांनी वर्षानुवर्षं प्रवास केला आहे, त्यांना चालू रस्त्यावर काम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण त्याआधी आम्ही वऱ्हाडातली माणसं वळणरस्त्याच्या पाट्या वाचत किती धक्के खाल्ले, त्याची नोंद कुठल्याच बुकात नाही! तरी एक होतं. रस्ता खराब होता, पण बंद नव्हता. याउलट अकोला-खांडवा मीटरगेज. ती २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद केली आणि नुसत्या अकोटपर्यंत नवी गाडी धावायला २०२२ साल उजाडलं.

म्हणजे दुरुस्तीचे दोन प्रकार झाले. एक, सगळं थांबवून करायची. दुसरा, चालू ठेवून करायची. कॉम्प्युटरच्या जगातही हेच दोन प्रकार आहेत, हे मला अलीकडे कळलं, माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला असते. तिच्या कामाचं नाव ऐकूनच आमच्या घरातले लोक विषय बदलतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये लाइव्ह पॅचिंग नावाची सोय आहे, तिच्या चाचण्या तपासायच्या, हे तिचं काम.

कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. त्यात दोष सापडला तर एरवी दुरुस्ती करून यंत्र बंद-चालू करावं लागतं. घरच्या कॉम्प्युटरला चालतं. पण बँकेचं, दवाखान्याचं यंत्र भरदिवसा कोण बंद करणार? मग लोक म्हणतात, रविवारी करू. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये जेफ अरनॉल्ड नावाचा विद्यार्थी यंत्रं सांभाळत होता. त्यानंही दुरुस्ती अशीच सुट्टीवर ढकलली आणि मधल्या दिवसांत कुणीतरी त्या भगदाडातून आत शिरलं. त्यातून त्यानं यंत्र न थांबवता दुरुस्ती करायची युक्ती काढली. केस्प्लाइस हे तिचं नाव, साल २००८. पुढे रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांनी २०१४ मध्ये आपापल्या पद्धती आणल्या आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या ४.० आवृत्तीत ही सोय मूळ कर्नलमध्येच आली.

युक्ती आपल्या वळणरस्त्यासारखीच आहे बघा. जुना, सदोष भाग उखडत नाहीत. त्याच्या तोंडाशी पाटी लावतात, "इकडून जा", आणि येणारं काम नव्या भागाकडे वळतं. पण जे वाहन आधीच जुन्या रस्त्यावर आहे त्याचं काय? ते बाहेर पडेपर्यंत थांबायचं. प्रत्येक वाहन एक तर पूर्ण जुन्या रस्त्यानं गेलं पाहिजे, नाहीतर पूर्ण नव्या. अर्ध्यात उडी नको. एखादं जुन्या रस्त्यावरच ढाब्यापाशी झोपलं असेल, तर बदल तितका वेळ अपुरा राहतो.

हे सगळं खरंच नीट होतं का, हे पाहायला २०१९ पासून कर्नलसोबतच चाचण्या ठेवल्या आहेत. मुद्दाम एक छोटी दुरुस्ती लावायची, उत्तर बदललं का ते पाहायचं, ती काढायची, जुनं उत्तर परत आलं का ते पाहायचं. शिवाय कर्नल आपल्या रोजनिशीत जे लिहितो, ते अपेक्षित ओळींशी क्रमानं ताडून बघायचं. जुळलं तर "ओके", नाहीतर "नॉट ओके". म्हणजे आदर्श उत्तरपत्रिका हातात घेऊन पेपर तपासण्यासारखंच!

मी म्हटलं, "अगं, मग यंत्रच तपासतं, तर तू काय करतेस?"

"मावशी, मी यंत्राचे पेपर नाही तपासत. पेपर बरोबर काढला का, ते तपासते. चाचणी पास झाली म्हणून काय? ती नापास कधी होईल, ते सांग नं."

हे मात्र मला चटकन कळलं. ती मुद्दाम दुरुस्ती बिघडवून पाहते. तरीही चाचणी ओके म्हणाली, तर ती चाचणी कुचकामी. आणि अशी चाचणी नसलेल्या चाचणीपेक्षा वाईट. नसली तर माणूस सावध तरी राहतो. असली की निर्धास्त होतो आणि ती बिघडलेली दुरुस्ती कुठल्यातरी दवाखान्याच्या यंत्रात जाऊन बसते.

उलटा प्रकारही असतो. सुरुवातीच्या काही चाचण्या घड्याळावर विसंबून होत्या. जुन्या रस्त्यावर एक काम मुद्दाम काही सेकंद अडवून ठेवायचं आणि तेवढ्यात दुरुस्ती मागे घेऊन पाहायचं. यंत्रावर भार असला की वेळ चुकायची आणि दोष नसताना नापास! २०२० मध्ये ते बदललं. आता सांगेपर्यंत ते काम अडून राहतं, सेकंद मोजायची भानगड नाही. विनाकारण नापास करणाऱ्या चाचणीकडे लोक पुढे लक्षच देत नाहीत, खोटं रडणाऱ्या पोरासारखं. त्याच वर्षी आणखी एक सुधारणा झाली. आधी चाचणी सुरू होताना रोजनिशी पुसून टाकायची, आता तसं करत नाही. दुसऱ्या शिक्षकानं फळ्यावर लिहिलेलं पुसायचा आपल्याला काय हक्क?

आणि गैरहजेरी. एखाद्या यंत्रात ही सोयच नसेल तर चाचणी "स्किप" म्हणते. हा शेरा पास नाही आणि नापासही नाही. निकाल वाचणाऱ्यानं गैरहजर पोरांना पासांच्या यादीत धरू नये, यावर भाचीचा भारी कटाक्ष.

आमच्याकडे दहावीच्या पेपरांना परीक्षक असतो आणि त्याच्यावर नियामक. नियामक पोरांना गुण द्यायला नसतो, परीक्षकानं दिलेले गुण खरे आहेत का ते पाहायला असतो. पालकांना त्याचं नाव कधी कळत नाही. पण तो आळशी असला तर गुणपत्रिकेला कागदाची किंमत उरते. सगळ्यांना पास करणारा पेपर शाळेला आवडतो, पालकांना आवडतो, फक्त त्यावरून कुणाला काय येतं ते समजत नाही.

अकोल्याची माझी बहीण नेहमी विचारते, "आमची पोरगी दिवसभर करते तरी काय गं? शेजारणीला काय सांगू?" परवा फोनवर तिला सांगितलं, "नियामक आहे म्हण. माझ्याच धंद्यात आहे ती."