तीन बोटे



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तुम्ही विचारले होते, "बाई, सुट्टीत कुठी गेल्या होत्या?" मी घाईत "मेळघाटात" एवढेच म्हणाले. आज भित्तिपत्रकात सगळे लिहिते.

मेळघाट म्हणजे सातपुड्यातला डोंगराळ मुलूख. अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे तालुके त्यात येतात. कोरकू लोकांची तिथे मोठी वस्ती. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे तिथल्या बैरागडला जाऊन राहिले. तेव्हा हरिसालपासून ४० किलोमीटर पायी जावे लागे. तपासायची फी पहिल्या वेळी दोन रुपये, पुढच्या वेळी एक! त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता नागपूरचा दवाखाना सोडून तिकडे गेल्या. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. मेडिकलचेच डॉ. आशिष सातव यांनी धारणीजवळ उतावलीला रुग्णालय उभे केले. शहरातले तज्ज्ञ डॉक्टर तिथल्या शिबिरांत विनामूल्य शस्त्रक्रिया करतात.

ही माणसे तिथलीच होऊन गेली. आम्ही मात्र दोन दिवसांचे पाहुणे होतो. मी राहते त्या मनीषनगरातले दातांचे एक डॉक्टर मित्रांसोबत मेळघाटातल्या एका गावी मोफत शिबिर घेणार होते. रोग्यांची नावे लिहायला माणूस हवा होता. म्हटले, माझे अक्षर बरे आहे, मी येते.

परतवाडा सोडले की घाट लागतो. सेमाडोह, हरिसाल करत आम्ही पोचलो. शाळेचा व्हरांडा हाच दवाखाना. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली, डॉक्टरांनी कपाळाला बॅटरी बांधली. अवजारे कुकरमध्ये वाफवत होते. शिट्टी झाली की पोरे हसायची, त्यांना वाटे भात शिजतो आहे.

एक आजी दुसऱ्या पाड्यावरून पायी आली. पोळ्यापासून तिची दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी हिरडी बधिर करून दाढ काढली. आजीने ती पदराच्या टोकाला बांधली आणि विचारले, "पुन्हा कधी याल?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहिली. कोणालाच उत्तर देता आले नाही.

मग एक तरुण आला. डॉक्टर म्हणाले, "आ कर." त्याच्या तोंडात एकच बोट कसेबसे गेले. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्याला तिखट तर सोडाच, जाड भाकरही खाता येत नव्हती. खर्रा खातो म्हणाला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटतात तो खर्रा. नुसत्या सुपारीनेही गालाची आतली कातडी दोरीसारखी कडक होत जाते आणि पुढे कर्करोगाची भीती असते.

"कुठे लागली ही सवय?" मी लिहिता लिहिता विचारले.

"नागपूरले बिल्डिंगच्या कामावर होतो बाई. तिथंच लागली."

माझा पेन थांबला. आम्ही औषध घेऊन डोंगर चढलो होतो, आणि रोग तर आमच्याच गावाहून आधीच येऊन बसला होता.

घरी आल्यावर धाकट्या भावाला म्हटले, "हात धू आणि तोंडात तीन बोटे घाल." तो हसला, "काऊन बाप्पा, शिबिर घरीच उघडलं का?" दोन बोटे गेली, तिसरे जाईना. मग तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मेडिकलच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात नेले. तिथे सांगितले, "आखडलेलं सगळं मोकळं होईलच असं नाही, पण आता सोडाल तर पुढचं वाचेल." तेव्हापासून त्याने खर्रा सोडला आहे. एकदा चुकला. आईला स्वतःच सांगितले, आणि पुन्हा सोडला.

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांना घरची मोठी माणसे पानठेल्यावर खर्रा आणायला पाठवतात, हे मला माहीत आहे. मोठ्यांना उलट बोलू नका. पण "मी नाही आणणार" एवढे म्हणा. आणि त्यांना तीन बोटे लावून पाहायला सांगा. गोड सुपारीची पुडी तुम्हीही घेऊ नका.

राहिली ती आजी. निघताना डॉक्टरांनी तिथल्या गुरुजींना विचारून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, "होळीनंतर येऊ." होळीला कोरकूंच्या घरची कामावर गेलेली माणसे परत येतात, म्हणून. आता होळी जवळ आली आहे. माझी वही आणि पेन पिशवीत भरून ठेवले आहेत. या खेपेला भाऊही येतो म्हणतो. तो कुकर सांभाळील.

— तुमच्या बाई, मनीषनगर, नागपूर