गाठीला थोडे, मुक्कामाला औंध

मध्यमवर्गीय घरात सहलीचा हिशेब मुले झोपल्यावर होतो. पगार, घराचा हप्ता, आजीची औषधे, शाळेची फी यांतून काय उरते ते आईबाप हळू आवाजात मांडतात, आणि सकाळी मुलांना फक्त निकाल कळतो : यंदा लांब जमणार नाही, जवळच कुठेतरी जाऊ. हे ‘जवळच कुठेतरी’ मुलांच्या कानाला शिक्षेसारखे लागते. कमी पैशांतल्या सहलीची निम्मी गोडी जाते ती इथे, पिशवी भरण्याच्याही आधी. आपल्याला नाकारलेल्या मोठ्या सहलीची ही उरलीसुरली भरपाई आहे, असे मनात बसले की पुढे कितीही हौस केली तरी ती मानवत नाही.

म्हणून आमच्या घरात एका वर्षी आम्ही आकडा जेवणाच्या ताटांमध्येच ठेवला. एवढे पैसे आहेत, एवढ्यात सगळ्यांनी मिळून सुट्टी काढायची आहे, कशी काढू या? सासूबाईंना हे आवडले नाही. ‘पोरांना कशाला पैशाच्या विवंचनेत ओढतेस?’ त्या म्हणाल्या. पण विवंचना लपवली तर ती मुलांना अधिकच मोठी दिसते, असे माझे मत होते आणि आजही आहे. मुलीने वही घेतली. धाकट्याने समुद्र सुचवला. मग सगळ्यांनी बसून सांगलीहून कोकणात जाण्यायेण्याचे आणि तिथे राहण्याचे भाडे मांडले, आणि समुद्र त्याने स्वतःच पुढच्या खेपेवर टाकला. तो आम्ही काढून घेतला नव्हता, म्हणून रडारडही झाली नाही.

औंध निघाले ते सासूबाईंमुळे. त्यांना यमाईचे दर्शन घ्यायचे होते. मला त्या गावाची ओढ वेगळ्या कारणाने होती. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव एका संस्थानाची राजधानी होते, आणि ते संस्थानही कसले, तर बहात्तर गावांचे, अवर्षणाच्या पट्ट्यातले, आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे असे विखुरलेले. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी त्या तुटपुंज्या उत्पन्नात शाळा चालवल्या, चित्रकार पोसले, सूर्यनमस्काराचा प्रसार केला. १९३९ साली तर त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची खटपट आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा उत्साह यांतून ती राज्यघटना झाली. राज्यात पैसा किती आणि तो कुठे घालायचा, याचा विचार गावच्या पंचायती करू लागल्या. जेवणाच्या ताटांमध्ये आकडा ठेवण्याचे धैर्य मला कुठून आले असे कुणी विचारले, तर मी या माणसांची नावे सांगेन.

तयारीला पैसे लागत नाहीत, आणि तिथेच सहल सुरू होते. वाचनालयातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणली आणि रात्री जेवणानंतर थोडी थोडी मोठ्याने वाचली. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर गेलेला तो कोवळा मास्तर मुलांना लगेच आपला वाटला. गावकऱ्यांनी बांधलेली तालीम बघायला राजा येतो, तो भाग धाकट्याने पुन्हा वाचायला लावला. एका रविवारी ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला. शांतारामबापूंच्या या चित्रपटाची गोष्ट ग. दि. माडगूळकरांची, आणि तिचे मूळ आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात, औंध संस्थानाने काढलेल्या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत. साने गुरुजींचे नाव तर मुलांना ठाऊकच होते. गरीब मुलाला औंधात शिकता येते, म्हणून ते कोकणातून तिथे गेले होते. प्लेगने त्यांना परत जावे लागले. निघण्याच्या दिवसापर्यंत औंध मुलांच्या लेखी ‘जवळच कुठेतरी’ राहिलेच नव्हते.

खर्चाचे म्हणाल तर माझे एक ठाम मत झाले आहे. हात आखडायचा असला की लोक सगळीकडून थोडे थोडे कापतात. खोली जरा वाईट, जेवण जरा वाईट, आणि ठिकाणे मात्र तेवढीच. त्यातून सगळेच चिडचिडे होतात. त्यापेक्षा ठिकाणे कापावीत. सहलीत पैसा खातो तो रोजचा हलता मुक्काम : भाड्याची गाडी, वाटेतले हॉटेल, प्रत्येक ठिकाणचे पार्किंग आणि घाईत घेतलेल्या वस्तू. एका गावी जाऊन तिथेच राहिले तर हा सगळा खर्च एकदम गळतो, आणि जे वाचते त्यातून आजीला नीट पलंग आणि गरम पाणी देता येते. या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. म्हातारे माणूस दुखावले की घरातल्या कुणाचीच सुट्टी होत नाही.

प्रवास आम्ही पॅसेंजरने केला. मिरज–पुणे मार्गावर रहिमतपूर स्टेशन आहे. तिथून पुढे एसटी. गाडीची खिडकी हेही तिकिटात मिळालेले एक ठिकाणच असते. किर्लोस्करवाडी आली तेव्हा मुलांना सांगितले, की लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, त्या वेळी, १९१० साली, कुंडलजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ त्यांना याच राजाने दिला. कऱ्हाडच्या स्टेशनाला लागून ओगलेवाडी. प्रभाकर कंदील जिथे तयार होत, ती. सासूबाईंच्या माहेरी तो कंदील होता. काच पुसायचे काम त्यांच्याकडे असायचे, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नातवंडांना सांगितले. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती, ती तिथेच संपली. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. आमच्यासारख्या घराला याचा केवढा आधार होतो, ते वहीतल्या बेरजेत दिसले.

औंधात रस्त्यावर मुलांना ओढून नेणारे फारसे काही नाही, आणि हाच मला त्या गावाचा मोठा गुण वाटतो. मागायला काही समोर नसले की मुले बघायला लागतात. यमाईचा डोंगर सकाळी उन्हाआधी चढलो. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे. तटावरून चहूकडे माळ, मधूनमधून जोंधळ्याची शेते. सासूबाईंना गाडीने वर नेले, आणि त्या आमच्याआधी पोचल्या याचा त्यांना फार आनंद झाला. मूळपीठाच्या देवीपुढे त्या बसल्या तेव्हा आम्हाला कुठेही पुढे पळायचे नव्हते. ‘चला आता’ हे शब्द त्या सुट्टीत कुणी उच्चारले नसावेत.

डोंगराच्या अंगावरच श्री भवानी संग्रहालय आहे, भवानरावांनी १९३८ साली बांधलेले. जाण्याआधी त्याच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा. राजा रविवर्म्याची चित्रे, धुरंधर, बाबुराव पेंटर, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती, लाकडावरचे आणि हस्तिदंतातले नाजूक काम, आणि या सगळ्यांत इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे शिल्प. जगातली मोठी संग्रहालये ज्याची शिल्पे मिरवतात, त्याचे काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे! दालनांत वरून येणारा उजेड चित्रांवर पडावा अशी बांधणी आहे. आम्ही तिथे एकदा जाऊन थांबलो नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मुक्काम एकाच गावी असल्याची ही खरी श्रीमंती. पहिल्या दिवशी मुले धावत सगळे पाहून आली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि संध्याकाळी तिच्याविषयी बाकीच्यांना सांगायचे, असे ठरले. धाकटा मूरच्या दगडापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याला त्यात आधी आई दिसली, मग मूल. मुलीने रविवर्म्याच्या चित्रातल्या साडीच्या काठाबद्दल सांगितले. सासूबाईंनी एक चित्र निवडले आणि त्यातली गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की खानावळीतल्या मावशीही ऐकत उभ्या राहिल्या.

गावात संगीताचीही परंपरा आहे. अंतुबुवा जोशींनी १९४० साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव त्यांचे पुत्र गजाननबुवा आणि पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला आहे. आमच्या जाण्याच्या दिवसांत तो नव्हता. ज्यांना जमेल त्यांनी उत्सवाची तिथी बघूनच बेत आखावा. मोठमोठे गवई ऐकायला शहरातल्या सभागृहाचे महागडे तिकीटच काढावे लागते, हा समज तिथे गळून पडतो.

परतल्यावर मुलीने बेरीज केली. थोडे पैसे उरले होते. ते मोठ्यांनी परत घेऊ नयेत, असे मी आधीच म्हटले होते. वाचवलेल्या पैशावर वाचवणाऱ्यांचा हक्क असला पाहिजे. त्यावरून घरात तीन तट पडले आहेत. मुलीला आटपाडीला जाऊन स्वतंत्रपूर बघायचे आहे, धाकट्याला तो पुढे टाकलेला समुद्र हवा आहे, आणि सासूबाई म्हणतात, यमाई झाली, आता जोतिबाला जायला हवे. त्यांचे वय पाहता जोतिबा आधी व्हावा, असे माझे मत आहे. पण मत एकच, आणि ते रविवारी जेवताना बाकीच्यांबरोबर मोजले जाईल.