बाली बेटातील आठ दिवस

आमचे धाकटे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. गतवर्षी त्यांनी आम्हां उभयतांस व सूनबाई-नातवंडांस बाली बेटास नेले. चिंचवडातील नवी जोडपी पूर्वी महाबळेश्वरास जात, ती हल्ली बालीस जातात. आमचे कुतूहल मात्र निराळे होते. तेथील पुरोहितांच्या मुखी असलेली संस्कृत स्तोत्रे सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने संपादिली व ती १९३३ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत निघाली. शिवाय तेथील एक कालगणना आपल्याच शकाची! २०२५ साली त्यांचा न्येपी हा नववर्षदिन २९ मार्चला आला व आपला पाडवा ३० मार्चला. वर्षाचा आकडा उभयत्र एकच, शके १९४७. न्येपीस तेथे दिवा लावीत नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नसते, विमानतळही बंद. अशा बेटाविषयी एका संस्कृताच्या मास्तराने काय काय कल्पिले असेल, हे वाचकांनी ताडावे.

विमानतळावरून उबुद गावी जाण्यास अडीच तास लागले. चाकणच्या चौकात चिरंजीव रोज जो धूर गिळतात, तोच तेथेही गिळला. भेद इतकाच की येथे त्याचे पैसे मोजले. कुटाच्या किनाऱ्यावर मद्यालयांचा गलबला असा की समुद्राची गाज ऐकू येईना. भातखाचरांच्या काठी उंच झोपाळे टांगले आहेत. पैसे भरावे, भाड्याचा लांब झगा नेसावा, झोका घ्यावा आणि छायाचित्र काढून उतरावे. (सूनबाईंनी घेतला. आमच्या सौभाग्यवतींनीही घेतला, हे येथे नमूद करणे त्यांस रुचणार नाही.)

एके सायंकाळी मात्र ध्वनिक्षेपकावरून त्रिसंध्येचा पाठ सुरू झाला. आरंभी गायत्री. उच्चार आपल्याहून वेगळे, तरी मंत्र तोच. आम्ही रस्त्यातच उभे राहिलो.

खरी खंत आहे ती खाचरांची. ‘सुबक’ नावाची तेथील पाणीवाटपाची व्यवस्था नवव्या शतकापासून चालत आलेली असून २०१२ साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. डोंगरातून पाट व बोगदे काढून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरते. पेरणी केव्हा करावी, पाणी कोणास किती द्यावे, हे शेतकरी जलदेवतेच्या देवळाच्या आश्रयाने एकत्र बसून ठरवितात. खानदेशातील फडपद्धती ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे नवल वाटणार नाही. परंतु मधले एक शेत गेले की पाट तुटतो. आमच्या गाडीचा सारथी सांगत होता : त्याच्या शेजाऱ्याने आपले शेत बंगल्यासाठी पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. परकीयांस तेथे जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, म्हणून हे पट्टे. त्या बंगल्यास पोहण्याचा तलाव आहे, आणि खालच्या अंगास असलेले सारथ्याचे खाचर कोरडे पडले आहे. हे सांगताना तो हसत होता. पाहुण्यांपुढे हसण्याची त्यास सवय असावी.

ते ऐकताना आमचे लक्ष तेथे राहिले नाही. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. पवनेकाठची शेते पुढे एकामागून एक गेली, ती आमच्या डोळ्यांदेखत. कारखान्यांनी आमच्याच मुलांस अन्न दिले, तेव्हा त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु मावळात आमच्या घराण्याचे कूळकायद्यातून उरलेले तीस गुंठे खाचर अद्याप आहे. दरवर्षी इंद्रायणी तांदूळ चारही घरी येतो. पुतण्यांच्या मते ते विकावे. फार्महाउससाठी गिऱ्हाईक आले आहे, आणि आलेली रक्कम चौघांत वाटली तरी एका नातवाचे शिक्षण सहज होईल. हा हिशेब खोटा नाही. आमच्या खाली आणखी दोन शेतकऱ्यांची खाचरे आहेत व त्यांचे पाणी आमच्या बांधावरून उतरते, एवढेच त्या हिशेबात कोठे आलेले नाही.

थोरल्या बंधूंचा निरोप आहे की दिवाळीस सर्वांनी जमावे व सह्या कराव्यात. चिरंजीवांनी विचारले, “बाबा, काय ठरले?” त्या दोन शेतकऱ्यांस आम्ही रविवारी भेटावयास जाणार आहोत, इतकेच त्यांस सांगितले.