औंधचा मुक्काम आणि गाडीतली बॅटरी

साताऱ्याहून सुमारे ४० किलोमीटरवर औंध. टेकडीच्या माथ्यावर यमाई, तर उतारावर १९३८ सालचं श्रीभवानी संग्रहालय. तिथली रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प निवांत पाहायचं, तर मुक्कामच हवा. हल्ली काही कुटुंबं निजायची सोय असलेल्या गाडीनेच निघतात. पण मग रात्री दिवे-पंखा कशावर चालवायचा?

मैत्रिणींनो, एक खूणगाठ बांधा. गाडी सुरू करणारी बॅटरी क्षणभरच जोर लावते. तिच्यावर रात्रभर पंखा फिरवलात, तर सकाळी सासूबाई दर्शन घेऊन परतायला तयार, पण गाडी जागची हलेना! म्हणून दिव्या-पंख्याला ‘डीप सायकल’ बॅटरी वेगळी घ्या.

घरच्या इन्व्हर्टरची उचलून नेऊ म्हणाल, तर तिच्यात पातळ ॲसिड असतं. रस्त्यात हिंदकळतं, चार्ज होताना ज्वालाग्राही वायूही निघतो. मुलं निजतात तिथे ती नकोच. सीलबंद जेलची बरी. तरी तिच्याभोवती हवा खेळती ठेवा.

हिशेब वाणसामानासारखाच. १० वॅटचे दोन दिवे ५ तास म्हणजे १००, २५ वॅटचा पंखा ८ तास म्हणजे २००. या ३०० ला १२ व्होल्टने भागलं की २५ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणून किमान ५० ची घ्यावी. लिथियमची हलकी आणि जास्त उपसता येणारी, पण महाग. शिवाय चार्जर तिच्याजोगाच लागतो.

टपावर सौर पट्टी बसवलीत तर उत्तमच. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या गावी सूर्याची एवढी मदत घ्यायला काय हरकत आहे?