खोक्यात काय आहे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरातून निघालेला फराळ तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याच घरी परत आला. चकल्यांचा चुरा झाला होता. खोक्यावर लाल अक्षरांची एक पट्टी चिकटवलेली होती. तिचा अर्थ एवढाच, की पाठवणाऱ्याने न सांगितलेला धोकादायक माल आत सापडला. पाठवणारी मी होते.

आमची थोरली आपल्याच शाळेतून दहावी झाली आणि आता गुवाहाटीला शिकते. धाकटा सध्या सातवीत आहे. दिवाळीला थोरलीला येता येणार नव्हते, म्हणून मी चकल्या, चिवडा, शंकरपाळे, अनारसे आणि आपल्या इंदूरची शेव असे सगळे खोक्यात भरले. तिच्या दम्याचा पंप संपत आला होता. तिने मागितलेला नवा पंपही ठेवला. तरी कोपऱ्यांत जागा उरली. डबे हलू नयेत म्हणून त्या जागेत डिओचे दोन कॅन आणि डास मारण्याचा एक फवारा सारून दिला. आईचे मन! गुवाहाटीत दुकाने असतात, हे त्या वेळी सुचलेच नाही.

कुरियरच्या खिडकीवरच्या मुलाने विचारले, "आंटी, इसमें क्या है?" मी म्हटले, "खाने का सामान." त्याने फॉर्म पुढे केला. बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले होते. त्यातच "यात ज्वलनशील वस्तू किंवा दाबाखालील वायू नाही" असेही एक वाक्य होते. मी न वाचता सही केली.

खोके परत आल्यावर आधी मला रागच आला. फोनवर त्या मुलाला नको ते बोलले. संध्याकाळी शेजारचे काका आले, तेव्हा त्यांच्यापुढेही तेच गाऱ्हाणे मांडले. काकांची सगळी नोकरी मुंबईला हवाई मालवाहतुकीत गेली. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "सूनबाई, तो डिओचा डबा आण पाहू इकडे."

डबा हातात घेऊन त्यांनी विचारले, "यातला डिओ बाहेर कोण ढकलतं?"

मी म्हटले, "हवा असेल."

"हवा नाही, गॅस. ब्युटेन आणि प्रोपेन. तुझ्या ओट्याखाली लाल सिलिंडर आहे ना, त्याच घराण्यातला हा. दाबून दाबून त्याचं पाणी केलेलं असतं. बटण दाबलं की ते उसळतं आणि पुन्हा गॅस होतं."

पूर्वी अशा डब्यांत सी.एफ.सी. नावाचे वायू भरत. ते पेट घेत नसत, पण पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला त्यांच्यामुळे इजा होते असे दिसले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते जगभर हळूहळू बंद झाले. त्यांच्या जागी बऱ्याच डब्यांत जळणारे वायू आले. ओझोनचे संकट टळले, पण खबरदारी घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

काकांनी सांगितले की अशा डब्याला जगभर एकच क्रमांक आहे, यू.एन. १९५०. आत डिओ असो, दाढीचा फेस असो की रंग असो, क्रमांक तोच. लायटरचा क्रमांक १०५७. छोट्या शेगडीला लावतात त्या गॅसच्या नळकांड्याचा २०३७. भाषा कोणतीही असली तरी क्रमांकावरून हमालापासून वैमानिकापर्यंत सगळ्यांना कळते की आत काय आहे.

मी विचारले, "पण काका, सिलिंडरचे नियम एवढ्याशा डब्याला कशाला?"

"सिलिंडरचे नियम वेगळेच. आपल्याकडच्या २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत सिलिंडर म्हणजे ५०० मिलीलिटरपेक्षा मोठं भांडं. ते खातं नागपूरहून चालतं. तुझा डबा त्याहून लहान, म्हणून तो सिलिंडर ठरत नाही. पण लहान आहे म्हणून तो मोकाट सुटत नाही. वाहतुकीचे नियम त्याला लागतातच."

ते नियम ऐकताना माझा राग ओसरू लागला, कारण त्यांत अडवणूक कमी आणि विचार जास्त दिसला. कारखान्यातून निघण्यापूर्वी असे डबे गरम पाण्यात बुडवून तपासतात. आतला दाब ५५ अंश सेल्सिअसला जेवढा होईल तेवढा होऊ देतात आणि डबा गळतो का, फुगतो का, ते पाहतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तो कितीतरी वर जातो. डब्यावर "५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये" असे छापलेले असते, ते याचसाठी.

व्यापारी मालासाठी सवलतही आहे. एक लिटरपर्यंतचे डबे मजबूत खोक्यात नीट बांधले आणि खोक्याचे एकूण वजन ३० किलोच्या आत ठेवले, तर "मर्यादित प्रमाण" म्हणून ते सोप्या नियमांनी जातात. अशा खोक्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. तिचे वरचे आणि खालचे टोक काळे असते आणि मधला भाग पांढरा. हवाई मालाच्या खुणेत मध्ये इंग्रजी 'वाय' हे अक्षर असते. तेव्हापासून बाजारातून जाताना मी आणि धाकटा हे शंकरपाळे शोधत असतो.

माझ्या मनात अजून एक शंका होती. "मागच्या वर्षी विमानाने जाताना लेकीने डिओ बॅगेत नेला होता. तेव्हा कोणी अडवलं नाही."

"प्रवाशाला सूट आहे," काका म्हणाले. "औषधाचे आणि अंगाला लावायचे फवारे, एकेक अर्धा लिटरपर्यंत, सगळे मिळून दोन लिटर. झाकण घट्ट हवं. डास मारायचा जळणारा फवारा मात्र त्यात बसत नाही. एका माणसामागे किती डबे जातात याचा हिशेब लागतो. पार्सलचा लागत नाही. तुझ्यासारख्या पन्नास जणींनी 'खाण्याचं सामान' लिहून प्रत्येकी तीन डबे पाठवले, तर विमानाच्या पोटात दीडशे डबे झाले आणि कोणाला पत्ताही नाही."

उंचावर गेल्यावर डबे फुटतात, असे मला वाटत होते. तेही पूर्ण खरे नव्हते. प्रवासी विमानात मालाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो. खरी भीती गळतीची आणि आगीची. रस्त्यात ट्रक थांबवून उतरता येते, आकाशात कुठे उतरणार?

मग काकांनी एक घटना सांगितली. ११ मे १९९६ ला अमेरिकेत मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान जेमतेम दहा मिनिटांत दलदलीत कोसळले. विमानातले ११० जण गेले. मालाच्या कप्प्यात दुसऱ्या विमानांतून काढलेली, प्राणवायू तयार करणारी रासायनिक उपकरणे पाच खोक्यांत भरलेली होती. ती चालू झाली की फार तापतात. त्यांच्यावर बसवायची संरक्षक टोपणे बसवलेली नव्हती. आणि सोबतच्या कागदावर लिहिले होते की डबे रिकामे आहेत.

"तुझ्या डिओची आणि त्यांची जात वेगळी," काका म्हणाले, "पण कागद सारखाच."

मी गप्प झाले. माझ्या सहीचा फॉर्म डोळ्यांपुढे आला.

जाता जाता त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत जास्त लागले. बहुतेक पंपांत पेट न घेणारा वायू असतो. ५० मिलीलिटरपर्यंतच्या आणि अपायकारक काही नसलेल्या अशा डब्यांना नियमांतूनच वगळलेले आहे. म्हणजे मी फक्त फराळ आणि पंप पाठवला असता, तर दोन्ही पोचले असते. लेकीला ज्याची खरी गरज होती, ते मी न मागता घातलेल्या वस्तूंनी अडवले. तिने तिथेच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पंप आणला. फोनवर म्हणाली, "आई, इथे डिओसुद्धा मिळतो ग!"

हे सगळे इथे लिहायचे कारण पुढे घडले. गॅदरिंगच्या तयारीसाठी आम्ही काही पालक शाळेत बसलो होतो. नाटकात हिमालयाचा प्रसंग होता. कोणीतरी सुचवले की मुंबईहून दोन डझन स्नो स्प्रे मागवू, रात्रीच्या बसच्या डिक्कीतून येतील, पावतीवर 'सजावटीचे सामान' लिहू. यादीचा कागद आणि पेन माझ्याच हातात होते. एरवी मी लिहून टाकले असते. सुचवणाऱ्यांच्या मनातही काही वाईट नव्हते. माझ्याही नव्हते, तरी खोके परत आलेच होते.

मी माझ्या फराळाची गोष्ट सांगितली. लाज वाटली, पण सांगितली. त्या डिक्कीच्या वर चाळीस माणसे झोपलेली असतात, हेही म्हटले. एक जण म्हणाले, "अहो, एवढंसं तर असतं!" मी म्हटले, "मलाही तसंच वाटलं होतं." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ठरले की बर्फ कागदाचा करायचा. पाचवीच्या मुलांनी दोन दिवस बसून जुन्या वह्यांची पांढरी पाने फाडली. रंगमंचावर तो बर्फ पडला तेव्हा मागच्या रांगेपर्यंत टाळ्या वाजल्या. झाडायला मात्र तासभर लागला.

संक्रांतीला गुवाहाटीला पुन्हा पार्सल पाठवले. या वेळी फॉर्म धाकट्याने भरला आणि मी शेजारी उभी राहिले. त्याने तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या, स्वेटर असे लिहिले आणि मान वर करून विचारले, "आई, ताईचा जास्तीचा पंपही लिहू? तो तर चालतो ना?"

मी म्हटले, "चालतो, म्हणूनच लिही."

खिडकीवरच्या मुलाने यादी वाचली, पंपाचे खोके उलटसुलट करून पाहिले आणि आत जाऊन विचारून आला. आमची दहा मिनिटे गेली. मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल मी त्याची माफी मागितली. लाडू पाचव्या दिवशी पोचले.